रक्त ओळखणारा झगा

राजवाड्यात त्यांना सगळे टाकेबाई म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव बावीस वर्षांत कोणी घेतलं नव्हतं, त्यामुळे आता ते त्यांना स्वतःलाच दुसऱ्याच्या अंगावरून काढल्यासारखं वाटायचं.

त्यांची खोली महाद्वाराच्या कमानीवर होती. एक लांब मेज, दोन कातऱ्या, कोळशाची इस्त्री, आणि भिंतीभर खिळे. प्रत्येक खिळ्याला एक कागदी पट्टी. एका माणसाला एक पट्टी. गळा, खांदे, छाती, कंबर, प्रत्येक मापाला कातरीची एकेक खाच. राणीसाहेबांच्या पट्टीवर कमरेच्या चार खाचा होत्या, आणि धाकट्या महाराजांच्या पोटासाठी पट्टीला ठिगळ जोडावं लागलं होतं. बाहेरच्या भिंतीत वीतभर खिडकी होती, तीही डोक्याच्या उंचीवर. टाचा उंचावल्या की रस्त्यावरून जाणाऱ्यांची डोकी दिसत. फक्त डोकी.

या घराण्यात राज्याभिषेकाचा एक झगा होता. तो खऱ्या रक्ताच्या माणसालाच बसतो आणि परक्याच्या खांद्यावरून गळून पडतो, असं सगळं राज्य मानायचं. अकरा राजांना तो बसला होता. टाकेबाई पहिल्या दिवशी कामावर आल्या, तेव्हा आधीच्या म्हाताऱ्या शिवणकरणीने दाराला कडी घातली आणि म्हणाली, "झगा काही करत नसतो गं बाई. आपण करतो. अभिषेकाआधी तीन दिवस झगा झटकायला म्हणून इथे येतो. आपण उसवायचा, माप घालायचं, शिवायचा. झालं."

"आणि हे बाहेर कळलं तर?"

"बाहेर जाणार कोण?"

तीन वर्षांची लेक बहिणीकडे ठेवून टाकेबाई एका हंगामाचं काम म्हणून आल्या होत्या. ज्याला झगा कळला त्याने महाद्वार ओलांडायचं नाही, हा नियम त्यांना कडी लागल्यावर कळला. सुटकेची एकच फट होती. नव्या राजाच्या अंगावरचा झगा शिवणकरीणच उतरवते, आणि त्या वेळी तिने एक मागणं मागायचं असतं. म्हातारीने तिच्या वेळी ही वीतभर खिडकी मागितली होती. टाकेबाईंना तेव्हा तिची कीव आली होती. राजा समोर उभा, आणि मागून मागितलं काय, तर भिंतीला भोक.

लेक बहिणीलाच आई म्हणत मोठी झाली. टाकेबाईंना पत्रात "मावशी" लिहायची. तीही शिवायची. तिने शिवलेल्या परकराची शिवण टाकेबाईंनी एकदा खिडकीतून, तिने तो रस्त्यावरून वर धरला तेव्हा, पाहिली होती. सरळ, बारीक, सुबक. परवाच्या पत्रात होतं, "मावशी, आठवा लागला. आई म्हणते तू बाळंतपणाला नक्की येशील. येशील ना?"

आणि त्याच आठवड्यात महाराज गेले.

महाराजांना एकच मुलगी, एकोणीस वर्षांची. तेरावा दिवस उलटायच्या आत धाकट्या महाराजांनी भर दरबारात म्हणून टाकलं की ही पोर माझ्या भावाची नाही. नवीन काहीच नव्हतं. स्वयंपाकघरापासून पहारेकऱ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की महाराजांचा जीव राणीसाहेबांच्या थोरल्या बहिणीत होता, लग्न लावलं गेलं धाकटीशी, आणि धाकटीचा जीव पागेच्या सरदारात. चार माणसं, चारही चुकीच्या खोल्यांत. राणीसाहेब दिराला एवढंच म्हणाल्या, "भावोजी, झगा सांगेल ना." आणि झगा टाकेबाईंच्या मेजावर येऊन पडला.

पहिल्या दुपारी धाकटे महाराज आले. दारात अंग तिरकं केलं तेव्हा आत मावले.

"टाकेबाई, झगा रक्त ओळखतो म्हणे."

"म्हणतात तसं."

"पण झग्यापेक्षा सुईच्या ओळखी जास्त, असंही म्हणतात." ते स्टुलावर बसले. स्टुलाने तक्रार केली. "मला तुझ्याकडून काही नको. तू फक्त काही करू नकोस. तीन दिवस नुसती बसून राहा. झगा पोरीच्या अंगावरून गळला, की महाद्वार उघडं. लेक बाळंतीण होणार आहे ना तुझी?"

टाकेबाईंच्या हातातली सुई थांबली. पत्रं कोण वाचतं, ते कळलं.

"दार खरंच उघडाल?"

"माझा शब्द."

टाकेबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे सवयीने पोटाकडे पाहिलं. भावापेक्षा दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं जास्त. "मग महाराज, तुमच्या वेळी तो तुम्हाला बसवायचा कोणी?"

ते हसले. "ती तेवढी एक शिवण तू करशीलच. मग जा."

ते गेल्यावर टाकेबाईंनी झगा मेजावर पसरला. ती तेवढी एक शिवण केली, की आपण कोण उरतो? राजाला झगा कसा बसला, हे जाणणारी एकटी बाई. आणि अशा बाईला दार उघडून देणारा राजा अजून जन्मायचा होता. तरीही रात्रभर "माझा शब्द" कानात गुणगुणत राहिला. बुडत्याला काडीचा आधार, आणि काडीलाही ते माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजकन्या आली. लहानपणी मेजाखाली चिंध्यांचं घर करायची, तशी दार न वाजवता.

"टाकेबाई, माझी पट्टी दे."

"कशाला?"

"दे गं."

तिने पट्टी घेतली, मग स्वतःच महाराजांची खिळ्यावरून काढली. शेजारी शेजारी धरल्या. मग न विचारता भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि पागेच्या सरदारांची काढली. तिन्ही मेजावर ठेवल्या. तिच्या पट्टीवर डाव्या खांद्याची खाच उजव्याच्या दोन बोटं खाली होती. सरदारांच्याही. महाराजांच्या खाचा सरळ रेषेत.

"तुला कधीपासून माहीत?"

"तुम्ही पाच वर्षांच्या असल्यापासून. पहिला कोट शिवला तेव्हापासून."

"माझ्या डाव्या खांद्यात कापूस असतो तो..."

"मीच भरते."

"आईने सांगितलं?"

"नाही. महाराजांनी. तुमच्या आबांनी." टाकेबाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं. "दर वर्षी कोट टाकायला स्वतः यायचे. एकच सांगायचे, 'डावीकडे नीट बघ हं.' कधी पुढे काही बोलले नाहीत."

राजकन्या त्याच स्टुलावर बसली. तक्रार केली नाही स्टुलाने. आपली पट्टी उचलून ती म्हणाली, "घोड्यावर बसायला सरदारांनी शिकवलं. पण पडल्यावर उचलायला आबाच धावायचे. मग मी कोणाची?"

"ते मला नाही सांगता येणार. मला माप घेता येतं."

"आणि झगा?"

बोलायचं नव्हतं. बावीस वर्षांत भिंतीलाही सांगितलं नव्हतं. पण पोरीचा चेहरा बघवेना. टाकेबाईंनी झगा उलटा केला, अस्तर बाजूला सारलं. शिवणीलगत सुईच्या जुन्या भोकांच्या रांगा होत्या, एकामागे एक.

"मोजा."

राजकन्येने बोटाने मोजल्या. "अकरा."

"अकरा राजे. एकालाही आपणहून बसलेला नाही. तुमच्या आबांना तर पाठीतून एवढा सैल केलाय."

ती हसली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग बसव ना गं."

टाकेबाईंनी कातरी उचलली. महाराजांसाठी घातलेली शिवण उसवली, कंबर आत घेतली, डाव्या खांद्याखाली दोन बोटं कापूस घातला. बारावी रांग. राजकन्या धागे वेचत शेजारी बसून राहिली.

अभिषेकाच्या वेळी टाकेबाई खिडकीशी टाचा उंचावून उभ्या होत्या. खाली नुसती डोकी. सगळी एका दिशेला वळलेली, गप्प. मग एकदम गलका झाला आणि टोप्या उडाल्या. झगा बसला होता.

नवी राणी संध्याकाळच्या आत झगा उतरवायला वर आली. दाराला कडी घातली आणि पाठ केली.

"माग, टाकेबाई."

"दार."

राणीची पाठ हलली नाही. बटणं एकेक सुटत गेली. मग ती म्हणाली, "ते सोडून काहीही माग."

"तुमचे काका म्हणाले होते देतो म्हणून."

"काकांनी दिलं असतं?"

"नाही."

"मी तुझ्याशी खोटं बोलत नाही, एवढंच." आवाज ओला होता. "काका अजून बसलेत खाली. तू बाहेर दिसलीस की आधी तुलाच धरतील. आणि मग पट्ट्या, आणि आबा, आणि आई, सगळं चव्हाट्यावर. तुला कळतंय ना?"

"कळतंय. टाके मीच घातलेत."

राणी वळली. तिने टाकेबाईंचे दोन्ही हात धरले, अगदी प्रेमाने. "हे बघ, एक सुचलंय मला. तुझ्या लेकीलाच इथे आणू. बाळंतपण इथेच होईल, तुझ्या हाताखाली राहील. तुझ्यानंतर कोणीतरी लागेलच ना. शिवते ना ती?"

ती सरळ, बारीक, सुबक शिवण टाकेबाईंच्या डोळ्यांपुढे आली. जन्मल्या बाळाचं रडणं याच खोलीत. त्याची पट्टी याच भिंतीवर. आणि दाराला ही कडी.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मला वाटलं..."

"आणि तिची आई तिकडे आहे. आईला सोडून ती कशाला येईल? मी आपली मावशी."

राणीने हात सोडले. "मग काय मागतेस?"

टाकेबाईंनी झग्याची घडी घातली, बाही आत, खांद्यावर खांदा.

"खिडकी," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी गवंडी आला. भला माणूस, छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीवर कोळशाने चौकट आखू लागला. "इथवर पुरे ना, बाई? उभ्याने डोकी दिसतील."

"डोकी नकोत." टाकेबाईंनी मेजावरून कोरी कागदी पट्टी घेतली, स्वतःच्या डोळ्याशी एक टोक धरलं, दुसरं खाली कमरेपर्यंत सोडलं, आणि कातरीने खाच पाडली. "इथवर पाडा."

"एवढं खाली?"

"रस्त्यावर कोणी कडेवर मूल घेऊन उभं राहिलं," त्या म्हणाल्या, "तर मूल दिसायला हवं."