ग्रीसगनवरची मूठ

वडील गेल्यावर त्यांची जुनी मोटरसायकल पार्किंगमध्ये नुसती उभी राहिली आणि तिचा पुढचा ब्रेक जाम झाला. चाकच फिरेना, म्हणून टेम्पोत घालून ती निगडीच्या बसस्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेली. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला सगळे काका म्हणायचे. नाव मीही विचारलं नाही.

काकांनी चाकाची तबकडी पकडणारा ब्रेकचा कॅलिपर खोलला. आतला पिस्टन गंजून बसला होता. तेल जायच्या भोकात त्यांनी ग्रीसगनची नळी बसवली आणि तिचा दांडा मुठीत धरून ग्रीस आत दाबायला लागले. मी शिफ्टवरून थेट आलो होतो, डोळे मिटत होते. शेजारच्या पंक्चरवाल्याकडे कंप्रेसर होता.

"हवा मारून काढा ना, काका."

"हवेनं गोळीवानी सुटतो. बोट जातं एखाद्याचं. ग्रीसनं दमानं येतो."

ते दाबायचे, थांबायचे, डोळे मिटून घ्यायचे, पुन्हा दाबायचे. चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर उभं आयुष्य गेलं, एवढंच मधे बोलले. अखेर पिस्टन सरकत सरकत बाहेर आला आणि ताटलीत पडला. मला हायसं वाटलं. काका मात्र तसेच बसून होते.

त्यांची मूठ दांड्यावरून सुटत नव्हती. दुसऱ्या हाताने ते करंगळी उलगडायला लागले. मी मदतीला हात पुढे केला.

"ओढू नका," ते म्हणाले. "ह्यालाबी दमानंच घ्यावं लागतंय. तवर च्या सांगा."

मी चहा सांगून आलो, तेव्हा ते मधल्या बोटापर्यंत पोचले होते.