उजेड मोजणारे साडूभाऊ

नागपूरच्या उन्हाला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत, पण त्याच्याशी रोज हुज्जत घालणारा माणूस अख्ख्या शहरात एकच आणि तो नेमका माझा साडू. राहायला शहराला लागूनच्या वाडी गावात, ट्रकांच्या धुळीत. कॅमेरा आजचा, महागडा, उजेडाचा हिशोब स्वतःच करणारा. म्हणून साडूभाऊंनी त्याला शोधून शोधून म्हाताऱ्या, मुक्या लेन्स लावल्या. पुढे लेन्स लावली आहे, हेच कॅमेऱ्याला कळत नाही. मग मालकाने उजेड कमीजास्त आत सोडणारं लेन्सचं कडं पूर्ण उघडायचं, नेम धरायचा, कडं पुन्हा आवळायचं, मीटरचा काटा पाहायचा, आणि तेवढ्यात ढग आला की पहिल्यापासून. त्यांनी काढलेल्या बारशाच्या फोटोंत पाळण्यातलं बाळ कायम झोपलेलं असतं. सुरुवातीला ते जागं होतं, असं साडूभाऊ शपथेवर सांगतात.

"ऑटोवर टाका न एकदाचं," मी म्हणायचो.

"ऑटोवर? मंग मी काहून उभा आहो गा इथं?"

बिनतोड प्रश्न. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांनी काळी पट्टी चिकटवली आहे. काढलेला फोटो लगेच पाहणं म्हणजे त्यांच्या मते परीक्षेत कॉपी करणं. निकाल घरी, संगणकावर. बहुतेक वेळा नापास.

आमच्या सासूबाईंचा एकटीचा धड फोटो घरात एकही नव्हता. प्रत्येक कार्यात त्या चुलीपाशी, नाहीतर कोणाच्या तरी खांद्यामागे. सासरच्या नरखेडकडच्या बागेत संत्र्याच्या तोडीला सगळे जमलो, तेव्हा साडूभाऊंच्या, म्हणजे धाकट्या जावयाच्या, शब्दाखातर त्या ठेवणीतलं लुगडं नेसून झाडाखाली बसल्या. चेहऱ्यावर पानांची सावली हलत होती आणि काटा काही ठरेना. शेवटी साडूभाऊ म्हणाले, "आई, हात पुढं करा."

"काहून जी जवाईबापू? भविष्य पाहून राहिले का?"

"नाही आई, उजेड मोजून राहिलो."

"मोजा मंग लवकर. भाजी लागून राहिली तिकडं."

हाताचा एक फोटो अंदाजासाठी काढला. मग चेहऱ्यावर नेम धरायला कडं पूर्ण उघडलं. भाजीच्या काळजीने सासूबाई उठायला लागल्या, हसल्या, आणि साडूभाऊंनी घाईने बटण दाबलं. कडं आवळायचं राहून गेलं. घरी पाहिलं तर चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा उजेड, नाकसुद्धा नाही. पुढच्या तोडीला पुन्हा काढू, असं ठरलं.

पुढच्या तोडीपर्यंत सासूबाई थांबल्या नाहीत. हार घालायला फोटो लागला, तेव्हा आधार कार्डावरचाच मोठा करून आणला. त्यात त्या पोलीस ठाण्यात बसवून ठेवल्यासारख्या दिसतात.

परवा वाडीला गेलो. त्यांच्या भिंतीवर तो हात होता. प्रत्येक भेग, विळीची जुनी खूण, नखाशी मुरलेली हळद, सगळं जसंच्या तसं. माझी मेहुणी जाता-येता त्याच्याकडे बघत होती. साडूभाऊ शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "उजेड बराबर आला न गा?"

"बरोबर आलाय," मी म्हटलं.