वाळवंटातला वीस केव्हीए

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, शारजाकडच्या धैद गावापुढच्या वाळवंटात, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, आमच्या कंपनीचा वीस केव्हीए ताकदीचा जनरेटर यशस्वीरीत्या सुरू झाला. त्याबरोबर जवळपासचे उंट उधळले, चहाच्या किटलीचं झाकण नाचायला लागलं, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता ते म्हातारबाबा खुर्चीतून उठले. नाकातली ऑक्सिजनची नळी त्यांनी काढून टाकली आणि ते वाळूत चालू लागले. जनरेटरपासून दूर.

त्यांना धाप लागली होती. "यूबा! यूबा!" म्हणजे "बाबा! बाबा!" करत त्यांचा मुलगा खालिद मागे धावला. मी स्विचकडे धावलो. आमचे कारखानीस साहेब, मूळचे ठाण्याचे, सूट-टाय घालून फोटोसाठी आले होते. ते जागच्या जागी उभे राहिले.

आता हे सगळं इथवर कसं आलं ते सांगतो.

दोन हजार सालाच्या आसपास मी शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका जनरेटर कंपनीत सेल्स इंजिनिअर होतो. खालिद आमचा जुना कस्टमर. एके दिवशी तो उतरलेल्या चेहऱ्याने आला. वडिलांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, फार तर हा हिवाळा. बाबांचं आयुष्य उंटांमागे गेलेलं. त्यांची एकच मागणी होती: मला रात्री वाळवंटात झोपायचंय. पण झोपताना त्यांना ऑक्सिजन देणारं मशीन लागायचं. हे मशीन हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं, पण विजेवर चालतं. सोबत सिलिंडर ठेवता येतो, पण तो रात्रभर पुरत नाही. म्हणून खालिदने कॅराव्हॅन घेतली होती, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. त्याला वीज हवी होती.

जनरेटर निवडायचा म्हणजे आधी लोड काढायचा. लोड म्हणजे एका वेळी काय काय चालणार त्याची बेरीज. अमिरातीत या बेरजेतला पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि तो मी विचारला.

"एसी किती?"

"दो," खालिद म्हणाला.

एसीची गंमत अशी की, सुरू होताना तो क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज मागतो. तेवढी ताकद राखून ठेवावी लागते. ती धरूनही माझा आकडा वीसच्या बराच खाली येत होता. खालिदने मान हलवली. तिकडे इंजिनिअरला मुहंदिस म्हणतात.

"मुहंदिस, मेरा कझिन के पास पंद्रह है. मेरे को बीस मंगता."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "द्या वीस. इथं मोठ्याची तक्रार कधी येत नाही."

आवाज कमी करणारी पेटी यायला काही आठवडे लागणार होते. खालिदकडे आठवडे नव्हते. जनरेटर तसाच, उघडा, वेगळ्या ट्रेलरवर चढला. कॅराव्हॅनच्या मागून तो निघाला तेव्हा एखाद्या नवरीमागून तिची सासू निघावी तसा दिसत होता.

तर ती संध्याकाळ. मी बंद करायचा स्विच दाबला. इंजिन घुटमळलं, काळ्या धुराचा एक शेवटचा लोट टाकून थांबलं. डिझेल इंजिनाला पुरेसं काम नसलं की ते नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि असा धूर होतो. म्हणजे लोड नव्हता. मला कळेना. दोन एसी धरून तर आम्ही बसलो होतो.

खालिदने बाबांना धरून आणलं. सिलिंडर जोडला. बराच वेळ फक्त त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, जुन्या भात्यासारखा. मग त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. तरुणपणी ते मुंबईला येऊन-जाऊन असत, हिंदी चांगली बोलत.

"मुहंदिस, इतना बडा किसके वास्ते?"

"एसी के वास्ते, बाबा."

त्यांनी अंगावरची लोकरीची शाल माझ्यापुढे धरली. "हात लगाओ. अभी ठंडी है. एसी कौन चलाएगा?"

मी कॅराव्हॅनमध्ये डोकावलो. दोन्ही एसी बंद होते. खालिद जॅकेट घालून होता. साहेबांचे दात वाजत होते. इतके दिवस आम्ही सगळे लोक एसी ऑफिसातून एसी गाडीत आणि एसी गाडीतून एसी घरात जात होतो. बाहेर हिवाळा नावाचं काही असतं, हे बेरजेत धरायचं कुणाला सुचलंच नाही. आणि बाबा जाणार होते ते फक्त हिवाळ्यातच.

ती रात्र मात्र वाया गेली. सिलिंडर संपायच्या आत त्यांना शारजाला परत न्यावं लागलं. गाडीत बसताना ते वाळूकडे पाहत होते, आणि खालिद माझ्याकडे पाहत नव्हता.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अहो, आपल्या नाशिकला लाइट गेली की आई काय करते? इन्व्हर्टर लावते. त्याचा कधी आवाज येतो का?"

दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. बॅटऱ्या कॅराव्हॅनच्या बाहेरच्या कप्प्यात बसवल्या, त्यांना इन्व्हर्टर जोडला. दिवसा एक छोटा पेट्रोल जनरेटर लांब ठेवून त्या चार्ज करायच्या, रात्री सगळं बंद. साहेब कुरकुरले, "आपण जनरेटर विकतो की बॅटऱ्या?" खालिद मात्र म्हणाला, "यल्ला, लगाओ."

हिवाळा संपेपर्यंत बाबा जमेल तेव्हा जात राहिले. खालिद सांगायचा, रात्री उंट रवंथ करतात तेवढंसुद्धा ऐकू येतं, आणि बाबा जागे राहून ते ऐकतात. उन्हाळा तोंडावर आला तसे ते हॉस्पिटलमध्ये गेले. तिथून परतले नाहीत.

या सगळ्यातून मी धंद्यातला एक नियम शिकलो. लोड विचारायच्या आधी महिना विचारावा.

सांत्वन करायला साहेब आणि मी गेलो. घराबाहेर मोठा तंबू, आत गालिचे, रांगेने बसलेली माणसं, कडू कॉफी. बाहेर अंग भाजणारं ऊन, आत मात्र मोठमोठे एसी लावून गारवा केलेला. खालिदचे डोळे सुजले होते. मी त्याचा हात हातात घेऊन बसलो होतो. तेवढ्यात साहेबांनी मान वाकडी करून कान टवकारले. तंबूच्या मागून एका इंजिनाचा आवाज येत होता. भरदार, एका लयीत, धुराचा वासही नाही. आमचाच वीस केव्हीए.

त्या तंबूत मराठी समजणारे आम्ही दोघेच होतो, एवढीच काय ती देवाची कृपा. कारण साहेब उजळलेल्या चेहऱ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघा, आत्ता कुठे त्याला बरोबर लोड मिळालाय!"