अक्कांनी विचारलं होतं

हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. कित्येक वर्षं मायजवळ बोलले नव्हते, धाकट्या बहिणीजवळही नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही मनातल्या मनात हा विषय टाळून पुढे गेले. आता लिहायला बसलेय. इतके दिवस दाबून धरलेलं झाकण उघडलंय आणि आतलं सगळं एकदम वर येतंय.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला कळणार नाही की मी एवढी कशाला घाबरत होते.

आम्ही शिरपूरकडच्या खेड्यातून धुळ्याला आलो ते हातात काही नसताना. वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे. कापसाची फुकी, म्हणजे तंतूंची बारीक धूळ, छातीत बसून बसून त्यांचा खोकला घरातल्या घड्याळासारखा झाला होता, थांबला की आम्ही दचकायचो. आणि माय मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर देठं खुडायला जायची. दिवसभर लाल मिरची. संध्याकाळी घरी आली की ताकात हात बुडवून बसायची. तिने आमच्या तोंडावरून कधी हात फिरवला नाही — फिरवता येतच नव्हता, डोळे चुरचुरायचे आमचे. लाड करायचे झाले तर कोपराने करायची. हसू नका. कोपराने केलेले लाड मला अजून गालावर जाणवतात.

त्या घरातून मी बी.एस्सी. झाले. रसायनशास्त्र. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच — आणि हे मी आजही ताठ मानेने सांगते, पुढे जे सांगणार आहे ते सांगूनसुद्धा. वडिलांना ते बघायला मिळालं नाही. मायला मिळालं.

नोकरी लागली मसाल्याच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर. तीच मिरची, पण आता माझ्या अंगावर पांढरा कोट! आलेल्या मालाची ओल मोजायची, रंग बघायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वास घ्यायचा. जुनी मिरची, बुरशी धरलेले धणे, भेसळीची हळद — नाकाला आधी कळतं, यंत्राला नंतर. माझं नाक तिखट होतं. मायकडून आलेलं.

मग करोना आला, आणि माझा वास गेला.

सगळ्यांचा गेला होता, सगळ्यांचा परत आला. माझा आलाच नाही. सकाळी उठून मी हिंगाची डबी नाकाशी धरायची. काही नाही. लसूण ठेचून हुंगायची. काही नाही. घरात पगार एकटीचा, बहिणीचं शिक्षण चालू — कारखान्यात कसं सांगू, की ज्या नाकासाठी तुम्ही मला ठेवलंय ते बंद पडलंय? नाही सांगितलं. हाताखाली रेश्मा नावाची नवी मुलगी आली होती. मी वाटी तिच्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, "आधी तू सांग, शिकायला हवं तुला." ती सांगायची. मी हुंगल्यासारखं करून मान हलवायची. किती सोपं होतं! फोडणी मी रंगावरून ओळखायला शिकले, भात लागला की आवाजावरून. मायलासुद्धा कळलं नाही. खोटं बोलण्यातही माणूस हुशार होतो, आणि त्या हुशारीचीही मला ऐट होती — हेही कबूल करून टाकते.

आमच्या कॉलनीत मला सगळे म्याडम म्हणत. गोळ्यांची पट्टी आणून कुणी विचारायचं, ही जेवणाआधी का नंतर? कुणी मोबाइल पुढे करायचं. कुणी वीजबिल. मी प्रत्येकाला उत्तर द्यायची. 'मला माहीत नाही' हे वाक्य मी त्या गल्लीत कधी उच्चारलं नाही. शिकलेल्या माणसाला कसं माहीत नसेल?

शेजारी अक्का आणि आबा. अक्का म्हणजे गल्लीची अक्का, पाऊणशे वयाच्या आसपास, आवाज असा की कोपऱ्यावरचा भाजीवाला तिथूनच 'आलो' म्हणायचा. आबा गप्प, ओसरीतल्या खाटेवर रेडिओ कानाला लावून. त्यांचा मुलगा सुनील नवीन धुळ्याच्या बाजूला राहायचा, दर रविवारी यायचा.

आणि त्या वर्षी गल्लीत गॅसची पाइपलाइन आली! भिंतींवर पिवळे नळ चढले. सिलिंडर संपण्याची भीती गेली. निळी ज्योत पेटली तेव्हा मायने शेगडीला हळद-कुंकू लावलं होतं. काही महिन्यांनी गटारीच्या कामासाठी पुन्हा जेसीबी आला, रस्ता उकरला, माती ढकलून फरश्या टाकल्या आणि निघून गेला. त्या उकरण्यात त्याचा दात पाइपला लागला होता, हे नंतर कळलं. तेव्हा कुणाला माहीत होतं? गल्लीत गटारीची घाण तर आधीपासूनच होती.

मग तो रविवार. थंडी मस्त पडलेली, आणि माझी बढती झाली होती. तपासणी विभागाची मी प्रमुख! गल्लीने ठरवलं, म्याडमसाठी भरीत-पुरी. बामणोदची हिरवी वांगी आणली होती, पिशव्या भरून. कपाशीच्या वाळलेल्या काड्या सुनीलने आदल्या दिवशीच आणून टाकल्या होत्या, कारण वांगी शेगडीवर भाजली तर ते भरीत कसलं? अक्कांच्या दारासमोर, गटारीच्या कडेला, काड्यांचा ढीग रचला. बायका समोरच्या घरात पुऱ्या लाटायला बसल्या. माय सगळ्यांना ऐकवत होती, "मनी पोर नाकवर पगार लेस, नाकवर!" आणि नाकावर पगार घेणारी तिची पोर बघून सगळ्या हसत होत्या. मी तर हवेतच होते. खरं सांगते, आयुष्यात इतकी खूश मी पदवी घेतानाही नव्हते.

ढिगाजवळ मी आणि अक्का, दोघीच. अक्कांच्या हातात काडेपेटी. त्या थांबल्या. नाक वर केलं.

"पोरी, कसाना वास ई राहिना वं? गॅसना ते नई?"

इथे मी नेहमी थांबते. मनात हजार वेळा इथवर आलेय आणि इथेच थांबलेय. आता थांबणार नाही.

मी खोल श्वास घेतला. मुद्दाम, दाखवायला, टेबलावर घेते तसा. आणि काय आलं? काही नाही. थंड हवा. चार शब्द पुरे होते — अक्का, मला वास येत नाही. कुणाला तरी बोलावून विचारता आलं असतं. समोर इतकी नाकं बसली होती! पण आज? आजच्या दिवशी? आत्ताच माय ओरडून काय म्हणाली, ते अजून गल्लीत घुमत असताना?

"गटारीचा आहे, अक्का," मी म्हणाले. "सगळं उकरलंय ना."

अक्कांना पटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं. हो, पुन्हा विचारलं. "नक्की ना वं? मंग लाऊ का काडी?"

"लावा," मी म्हणाले, आणि कोपऱ्यावर जिलबी आणायला निघाले.

दुकानापर्यंत पोचले आणि पाठीला धक्का बसला. आवाज त्यानंतर आला, किंवा आधी आला असेल, मला सांगता येत नाही. वळून बघितलं तर गटारीवरच्या फरश्या एकामागून एक उडत होत्या, पत्त्यांसारख्या. मग अक्कांचं घर. ते पडलं नाही — ते आतून उघडलं. गच्चीवरची पाण्याची टाकी रस्त्यावर येऊन फुटली. जमिनीतून जाळ निघत होता, मातीतून, जिथे जळण्यासारखं काहीच नव्हतं तिथून. मी तशीच धावले. दारं बडवली, पोरं ओढून काढली, मायला आणि बायकांना मागच्या भिंतीवरून उतरवलं. लोक नंतर म्हणाले, म्याडमने किती जणांना वाचवलं! मी ऐकून घेतलं. तेही ऐकून घेतलं.

आबा गेले. पलीकडच्या घरातली दोन माणसं गेली. अक्का फेकल्या गेल्या, डोक्याला मार लागला. शुद्धीवर आल्या तेव्हा कान जवळजवळ गेलेले आणि ती सकाळ पुसली गेलेली. बाकी सगळं आठवत होतं — लग्न, बाळंतपणं, कोणाकडे किती भांडी दिली होती ते. ती सकाळ तेवढी नाही.

म्हणजे त्यांनी विचारलं होतं हे जगात एकट्या मला माहीत होतं.

चौकशी झाली. पाइप कसा फुटला, काम करणाऱ्यांची चूक काय, सगळं बाहेर आलं. ते खरं आहे. कुठलीही ठिणगी पुरली असती, हेही खरं आहे. पण गल्लीला चौकशी लागत नाही, गल्लीला माणूस लागतो. "म्हातारीने वास येत असताना काडी लावली." कुणी रागाने म्हणायचं, कुणी कीव करत. आबांच्या दहाव्याला सुनील सगळ्यांसमोर म्हणाला, "मायनीच काडी लाई." त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. मी तिथेच होते. चहाचा ट्रे माझ्या हातात होता. मी पुढच्या माणसाला कप दिला.

अक्का शिरपूरला मुलीकडे गेल्या. मी नोकरी करत राहिले, वाट्या रेश्मापुढे सरकवत राहिले. बहिणीचं शिक्षण पूर्ण झालं. अधूनमधून वाटायचं, आता कशाला? म्हातारीला आठवत तर नाही ना?

या दिवाळीत अक्कांची मुलगी धुळ्यात भेटली. सहज बोलता बोलता म्हणाली, "माय काडेपेटीले हात लावत नई. देवापुढचा दिवासुद्धा नातीले लावाले सांगस. म्हनस, मना हात चांगला नई."

दुसऱ्या दिवशी मी शिरपूरच्या एसटीत बसले.

अक्का दारात बसल्या होत्या, कोवळ्या उन्हात. मी पायाशी बसून सगळं सांगितलं, हळू आवाजात, जसं सांगायचं मनात घोकलं होतं तसं. सांगून झालं. अक्का माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं.

"काय म्हनी राहिनी ही?" त्यांनी मुलीला विचारलं.

शेजारची बाई तांदूळ निवडत होती, ती म्हणाली, "जोरमा बोल वं, बहिरी शे ती!"

आणि मग मला ते ओरडून सांगावं लागलं. इतकी वर्षं जे ओठांपर्यंत येऊ दिलं नव्हतं, ते भर सकाळी, अनोळखी गल्लीत, घशाच्या शिरा ताणून! "अक्का, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं! गॅसचा वास येतोय का म्हणून! दोनदा विचारलं होतं! लावा असं मी सांगितलं!" बायका दारात आल्या. सायकलवाला थांबला. मी ओरडतच होते.

अक्का पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "मी इचारं व्हतं?"

"हो!"

"मंग तुना नाकले काय व्हयेल व्हतं?"

"मला वास येत नाही, अक्का! तेव्हाही येत नव्हता! मी खोटं बोलले!"

त्या उठल्या. माझ्याकडे पाहिलंच नाही. मुलीचा दंड धरला, शेजारणीचा धरला, आणि तो जुना आवाज — कोपऱ्यापर्यंत जाणारा — पुन्हा निघाला: "आयकं का वं? मी इचारं व्हतं! मी काय अशीच काडी नई लाई! दोन डाव इचारं मी!" पूर्ण गल्लीला सांगत सुटल्या. रडत होत्या आणि लहान मुलीसारख्या नाचत होत्या.

मला कुणी बस म्हटलं नाही. मीही थांबले नाही.

परत येताना धुळ्यात उतरून आधी सुनीलकडे गेले आणि त्यालाही सांगितलं, उभ्याउभ्याच. त्याने दार लावून घेतलं. मायला सांगितलं. तिने मला कोपरही लावलं नाही. सोमवारी कारखान्यात सांगितलं. आता वासाच्या टेबलावर रेश्मा बसते, मी ओल मोजते.

सुनील पुढच्या रविवारी शिरपूरला जाऊन आला. अक्का आता देवापुढचा दिवा स्वतः लावतात.