लंडनला लागणारा डबा

डोमाजींना मी कधी घाईत पाहिलं नाही, आणि याचा मला रागच येतो. नालवाडीत माझं किराण्याचं दुकान आहे. दुकानापुढच्या बाकावर हा माणूस रिटायर झाल्यापासून मान वर करून बसतो. वर काय, तर विमानं. आमच्यावरून दिवसभर विमानं जातात, उतरत एकही नाही. मुंबईकडं जाणारं दिसलं की डोमाजी म्हणणार, "अप गेली." नागपूरकडं जाणारं असलं की, "डाउन हाय, लेट होऊन राह्यली आज." मी तांदूळ मोजता मोजता म्हणायचो, "डोमाजी, ते विमान आहे, पॅसेंजर नाही." ते म्हणायचे, "मानसं बसली का गाडीच ते."

नोकरी त्यांची रेल्वेतली, वर्ध्याच्या यार्डात, शंटिंगला. एका गाडीचा डबा सोडवायचा, हळूहळू ढकलत न्यायचा आणि दुसऱ्या गाडीला जोडायचा. त्यांच्या बोलीत डबा 'कटतो' आणि 'लागतो'. आत माणसं झोपलेली असायची. आपण निजलो एका गाडीत आणि उठणार दुसरीत, हे कुणाच्या गावीही नसायचं. डोमाजींना याचं फार अप्रूप. "झोपलेल्या मानसाचा डबा लावाचा तं धक्का नाई बसला पायजे," ते सांगतात, आणि सांगताना आवाज इतका खाली येतो की समोर पाळणा असावा. अशी सगळी नोकरी त्यांनी रात्री उभं राहून काढली. दुसऱ्यांचे डबे कुठल्या कुठं पाठवले, स्वतः मात्र पुलगावच्या पुढं फारसे गेले नाहीत.

त्यांची बायको प्रमिलाबाई म्हणजे हिंगणीची लेक, कामाला वाघ. पण काही वर्षांपूर्वी पाठीचा मणका गेला. चालता येतं, आडवं होता येतं, फक्त बसणं जमत नाही. एकदा भाच्याच्या लग्नाला बसनं पुण्याला गेल्या, तर उतरताना दोघांनी उचलून उतरवावं लागलं, आणि लग्न त्यांनी खोलीत पडून ऐकलं. तेव्हापासून लांबचा प्रवास बंद.

आणि नेमकं याच उन्हाळ्यात लंडनहून लेकीचा, अंजूचा, फोन आला. लग्नाला बरीच वर्षं झालेली, सगळ्यांनी आशा सोडलेली, आणि आता दिवस भरत आलेले. प्रमिलाबाई फोनवर आधी रडल्या, मग म्हणाल्या, "बाळंतपन मीच करन." अंजू म्हणाली, "आई, एवढा वेळ बसून आलीस तर तुझंच बाळंतपण मला करावं लागेल."

तोड काढली जावयानं. प्रफुल कंपनीच्या कामानं सारखा उडत असतो, म्हणून विमानवाल्यांनी त्याला दोन अपग्रेड व्हाउचर दिली होती. साध्या तिकिटावर पुढची मोठी सीट मिळते, बटण दाबलं की पलंगासारखी आडवी होते. एका व्हाउचरवर एक माणूस, तेही एकाच विमानात. जायचं होतं नागपूरहून मुंबई आणि मुंबईहून लंडन. अंजूनं बापाला फोनवर बजावलं, "बाबा, नागपूरला काही बोलू नका. तेवढं आई बसेल. मुंबईला मोठ्या विमानाच्या काउंटरवर मोबाइल दाखवा, तिथं दोघांची व्हाउचर लावून घ्या. आणि घाबरू नका, कनेक्टिंग फ्लाइट आहे."

एवढ्या सगळ्यातून डोमाजींनी शब्द उचलला तो 'कनेक्टिंग'. कनेक्टिंग म्हणजे जोडणारी. आणि जोडण्याबद्दल त्यांना कोण शिकवणार?

नागपूरच्या काउंटरवरची मुलगी भली होती. सामान मुंबईपर्यंतचं की लंडनपर्यंतचं, ते तिनं नीट विचारलं. डोमाजींनी तिच्यापुढं मोबाइल धरला. "हे इथंच लाव, पोरी."

"काका, इथं लावलं तर मुंबईपर्यंतच चालेल. पुढच्या विमानाला पुन्हा वेगळं लागतं."

"जागा सुरुवातीच्या स्टेशनालेच धरा लागते. मंधात कोन देते?" डोमाजी समजुतीनं म्हणाले. "कनेक्टिंग हाय ना? मंग आपला डबा तं तोच. मुंबईले कटन नं तिकडं लागन."

मुलीनं पुन्हा एकदा सांगून पाहिलं. मागं रांग वाढली होती. शेवटी तिनं विचारलं, "नक्की लावू?" डोमाजींनी मान हलवली. प्रमिलाबाई शेजारी पाठीला हात लावून उभ्या होत्या. गाडीघोड्यातलं नवऱ्याला कळतं, हा त्यांचा संसारभराचा विश्वास, म्हणून त्यांनीही मान हलवली.

आणि सुरुवात तर झकास झाली. पुढच्या रुंद खुर्च्या, गरम पाण्यात भिजवलेला रुमाल, काचेच्या ग्लासात सरबत. विमान वर चढल्यावर प्रमिलाबाईंची खुर्ची मागं झुकली तशा त्या हसल्या, आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला. डोमाजी खिडकीला नाक लावून बसले. खाली ढग पसरले होते, जिनिंगच्या आवारात कापूस पडलेला असतो तसे. मधेच ढग फाटले आणि एक बारीक नदी दिसली. ती धाम असेल की नसेल, कोण जाणे. डोमाजींनी मात्र ठरवून टाकलं की हीच धाम, हे पवनार, आणि तो ठिपका म्हणजे माझं दुकान. त्या ठिपक्याला त्यांनी हिरवी बत्ती दाखवावी तसा हात हलवला. मला हे त्यांनी नंतर सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मुंबईला सगळ्यांनी उठून सामान काढलं. डोमाजी बसूनच. हवाईसुंदरी येऊन म्हणाली, "काका, उतरायचंय." ते म्हणाले, "आमी पुढं लंडनले चाललो. डबा कटाची वाट पाहून राह्यलो."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं शेजारी बसून समजावलं. विमान बदलणार, खुर्ची बदलणार, आणि व्हाउचर तर वापरली गेली. डोमाजींना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी झोपलेल्या बायकोकडं पाहिलं. अख्ख्या नोकरीत त्यांनी डबा चुकीच्या गाडीला लावला नव्हता.

मोठ्या विमानात त्यांना मागं खिडकीकडच्या दोन साध्या खुर्च्या मिळाल्या. "माघारी जाऊ," डोमाजी म्हणाले. "तुही पाठ मोडन."

"पोरगी वाट पाहून राह्यली नं माघारी कायले?" प्रमिलाबाई म्हणाल्या. थोडा वेळ त्या ताठ बसल्या, मग त्यांच्या कपाळावर घाम आला. तेव्हा डोमाजी उठले. दोन खुर्च्यांमधला दांडा वर केला, स्वतःची शाल घडी करून खिडकीशी ठेवली आणि म्हणाले, "झोप."

"तुमी कुठं बसान?"

"मी कवा बसलो व?"

मागं पडद्याशी थोडी मोकळी जागा होती. तिथं डोमाजी उभे राहिले. पट्ट्याचा दिवा लागला की येऊन बायकोचे पाय मांडीवर घेऊन बसायचे, विझला की पुन्हा उभे. विमान सूर्याच्या मागं मागं चाललेलं, त्यामुळं दुपार सरतच नव्हती. लोकांनी खिडक्या ओढून अंधार केला आणि सगळं विमान झोपलं. एका फटीतून तेवढी उन्हाची रेघ येत होती, ती प्रमिलाबाईंच्या केसांवर पडलेली. डोमाजींना वाटायला लागलं की आपण यार्डातच आहोत, फक्त यार्ड ढगांचं आहे. डबे आवाज न करता येताहेत, लागताहेत. त्यांचा हात मधेच आपोआप वर जायचा, सावकाश, सावकाश. एका गोऱ्या म्हातारीला ते विमानातले कर्मचारीच वाटले, तिनं पाणी मागितलं, तर यांनी नेऊनही दिलं. घरातली बाई झोपलेली आणि आपण पहाऱ्यावर, असं सुख आपल्याला माहीतच नव्हतं, असं मला म्हणाले.

लंडनला उतरले तेव्हाही उजेड होता. अंजूनं आईसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. पण डोमाजींचे गुडघे पार सुजून गेले होते, पाऊल टाकवत नव्हतं. खुर्चीत ते बसले, आणि प्रमिलाबाई पदर खोचून शेजारून चालत बाहेर आल्या.

अंजू पोट सांभाळत धावतच आली. बाप खुर्चीत, आई पायावर, हे पाहून ती चक्रावली. "आई, झालं का नीट? मोठी सीट मिळाली ना?"

डोमाजींनी मान खाली घातली. आता चूक सांगायची ती आपणच, असं मनाशी म्हणून त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात प्रमिलाबाईंचा हात त्यांच्या खांद्यावर पडला.

"मिळाली व. तुया बापानं लावून देल्ली," त्या म्हणाल्या. "झोपूनच आली मी. एक धक्का नाई बसला."

अंजूला अजून खरं माहीत नाही. नातू घेऊन ती दिवाळीला येणार आहे, तेव्हा कुणी बोलायचं नाही. डोमाजींनी हे मला बाकावर बसून सांगितलं, आणि प्रमिलाबाईंच्या त्या 'धक्का नाई बसला'पाशी आले तेव्हा वर बघायचं सोडून खाली बघत राहिले. मी तराजू ठेवून दिला. वरून एक विमान मुंबईकडं चाललं होतं.

"अप गेली, डोमाजी," मी म्हणालो.