नऊ दाण्यांचे अंतर

गंधकाचा वास आधी नाकाला बोचतो, आणि मग एखाद्या हट्टी पाहुण्यासारखा अंगाखांद्यावर घर करून राहतो. सालबर्डीच्या गरम झऱ्यापाशी पौषातल्या पहाटे मी उभा असे, तेव्हा सातपुड्यावरून उतरणारी थंडी पाठीला चावत असे आणि कुंडातून उठणारी वाफ तोंडावर उष्ण श्वासासारखी आदळत असे. पाठ गोठलेली आणि तोंड शेकलेले! त्या वाफेत पायरीवर बसलेली माझी बायको रखमा कधी दिसे, कधी नाहीशी होई. मध्येच तिचे दोन हात पाण्यातून वर येत, बोटे अर्धवट वळलेली, जणू कुणालाच न दिसणारी एखादी वस्तू तिने धरून ठेवली आहे.

वाचका, मी त्या पहाटे तेथे असायला नको होतो, असे माझ्या गावाचे मत होते. पूर्णेच्या खोऱ्यात आमचे काळे रान कापसाने पांढरे झाले होते. सात समुद्रांपलीकडे कुठल्याशा देशात भाऊभाऊ लढत होते, म्हणून म्हणे वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याची किंमत आली होती. न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली, देवळाच्या पायरीवर, सुतकाच्या घरीसुद्धा भावाशिवाय दुसरे बोलणे नव्हते. कुणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, कुणी सोप्याला नक्षीचे खांब बसवले. आणि अशा ऐन वेचणीत मी बैल जोडले, बायकोला छकड्यात बसवले आणि पाच मुक्काम करून डोंगराच्या पायथ्याशी येऊन राहिलो, तेही पाण्यात हात बुडवण्यासाठी! लोक हसले. हसोत. हसण्याने कुणाची बोटे सरळ झाल्याचे मी पाहिलेले नाही.

मी मोजणारा माणूस आहे. रानातली तासे म्हणजे पिकाच्या ओळी, झाडाची बोंडे, विहिरीच्या खोलीचे परस, सारे मला मोजल्यावाचून राहवत नाही. रखमा वेचणीला उतरली की दोन्ही हातांनी वेची. डावा हात बोंड धरण्यापुरता नसे, तोही वेची. दुसऱ्या बायांची एक पाटी भरे तोवर तिच्या दोन भरत, आणि मी ते चारचौघांत सांगत असे. मग एका वर्षी दोनाची दीड झाली. पुढच्या वर्षी एक. मला वाटले, झाडे विरळ असतील. मी तासे पुन्हा मोजली. झाडे तेवढीच होती! तिची बोटे पहाटे वळत नाहीत, भाकरी थापताना ती ओठ दाबून धरते, चोळीची गाठ शेजारणीकडून मारून घेते, हे मला पाटीचे माप घटल्यावर समजले. ज्या हातांनी माझे घर उभे केले त्यांचे दुःख मला मापातून कळावे, यापरते मोजणाऱ्याचे अज्ञान कोणते? त्याच दिवशी मी ठरवले की आता मोजायचे तर हे हातच मोजायचे.

सालबर्डीत उतरायला आम्हांला मिळाली ती यमुनाबाई माळणीच्या घरची पडवी. लांबी आठ पावले, रुंदी पाच. मध्ये तुराट्यांचा कूड, त्यापलीकडे दुसरे उतारू. त्यांचा खोकला आपल्याच छातीतून आल्यासारखा ऐकू येई. भुई शेणाने सारवलेली, चूल बाहेर, धान्य आपले आणि सरपण, भांडी नि घरामागच्या वाडग्यातली भाजी तिची. मोठ्या घरात उतरणाऱ्यांना गाद्या मिळत, येथे कडब्यावर घोंगडी. पण ते कडब्याचे अंथरूण रोज उन्हात टाकून पुन्हा घालण्यात त्या माउलीचा जो कटाक्ष होता, तो मी सावकारांच्या घरीही पाहिलेला नाही. तिचा नवरा अर्धांगाने एका कुशीवर असे. त्याला ती रोज पाठीवर घेऊन कुंडावर नेई आणि परत आणी. जाताना दोनशे ऐंशी पावले, येताना चढामुळे तीनशे. ती कोणत्या झऱ्यावर विश्वास ठेवून हे करीत होती? त्याच्या अंगात तीन वर्षे फरक पडलेला नव्हता. मी एकदा तसे विचारले, तेव्हा म्हणाली, “फरक नाई पडला जी, पण त्याले सकाळ होते.”

या घराचा एक नियम होता. पडवीत पाऊल टाकताच तो सांगितला जाई: येथे कापसाचा भाव बोलायचा नाही. बोलेल त्याने विहिरीचे दहा घागरी पाणी शेंदून वांग्यांच्या वाफ्यांना घालायचे, मग तो कुणीही असो. “हे पाणी हाडाइसाठी हाय,” यमुनाबाई म्हणे. “भाव बोलला की माणूस मुठी आवळते. मंग मी गरम पाण्यानं काय काय सोडवू?” पहिल्याच दिवशी, जेवता जेवता, माझ्या तोंडून भाव निसटला. तिने हसत घागर पुढे केली. कुडापलीकडचा खोकला क्षणभर थांबून खदखदला. त्या हंगामात उतारू येत राहिले, आणि प्रत्येकाची जीभ त्याच एका जागी घसरत राहिली. कापसाच्या तेजीने साऱ्या वऱ्हाडात कुणाचे किती भले झाले हे मी सांगू शकत नाही. यमुनाबाईच्या वांग्यांचे मात्र निश्चित झाले.

झऱ्याचा विधी एकवीस दिवसांचा, अखंड. एक पहाट चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. कुंडावरून आल्यावर रखमा हात पुढे करी, बोटे मिटता येतील तेवढी मिटी, आणि मी बोटांची टोके व तळवा यांच्यामध्ये ज्वारीचे दाणे एकाला एक लावून ठेवी. पहिल्या दिवशी नऊ दाण्यांचे अंतर होते. चौथ्या दिवशीही नऊ. सातव्या दिवशी आठ झाले, तेव्हा मी तीनदा मोजले, आणि ती म्हणाली, “आता त्या दाण्याइले झिजवून सात कराल!” तेराव्या दिवशी पाच झाले.

त्याच तेराव्या दिवशी दुपारी माझे थोरले भाऊ, आमचे दादा, घोडीवरून दारात उतरले. घोडीच्या तोंडाला फेस, यांच्या पागोट्यावर धूळ. रामराम नाही, पाणी नाही. “काबे, पागल झाला का तू?” म्हणाले आणि लगेच त्या दिवसाचा भाव सांगितला. यमुनाबाई वाफ्यातून उठली, पदराला हात पुसले आणि घागर त्यांच्यासमोर ठेवली.

“हे काय?”

“दहा घागरी, पाटील. घरचा नेम हाय.”

दादांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. आमच्या गावात त्यांच्या वाटेने कुणी घागर आडवी नेत नसे! पण घर तिचे, आणि पाहुण्याने घराचा नेम मोडला असे उद्या कुणी म्हणावे, हे त्यांना त्याहून नको होते. त्यांनी पागोटे खुंटीला लावले, दोर विहिरीत सोडला आणि पाणी ओतता ओतता आपले म्हणणे मांडू लागले. बोंडे उकलून लोंबून राहिली आहेत. वारा सुटला तर सारे मातीत. वेचणाऱ्या बाया दुसऱ्यांनी पळवल्या. शेत दोघांचे, आणि राबतो एकटा. आज निघाला नाहीस तर पाडव्याला वाटणी! हे सांगताना भाव आणखी दोनदा आला, आणि दहाच्या तीस घागरी झाल्या.

मी दाण्यांचे सांगितले. नवाचे पाच झाले, म्हणालो.

“चार दाण्यासाठी तेरा दिवस? काय हिशेब हाय का हा?”

“हिशेब केला दादा, म्हणूनच राहून राहिलो.”

आमच्याकडे भावजय भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड उघडत नाही. रखमा दाराआड होती. ती पदर ओढून बाहेर आली, वाफ्याच्या कडेला पाठमोरी बसली आणि वांग्यांशी बोलू लागली. “वांग्याइनो, तुमाले रोज पाणी लागते. आज राहू द्या, उद्या दुप्पट देतो, असं म्हणते का कोणी? माह्या हाताले एकवीस दिवस लागतात. तेरा झाले. आठ राहिले. ज्याले घाई असंन त्यानं जावं.”

दादांच्या हातातली घागर हवेतच राहिली. भासऱ्यानेही भावजयीला उलट बोलायचे नसते. मग तेही वांग्यांकडेच वळले! “वांग्याइनो, सांगा तिले, वीस वर्साचं एकत्र घर हाय. मोडंन.”

“सांगा त्याइले,” पाठमोऱ्या पदरातून उत्तर आले, “वीस वर्सं याच हाताच्या भाकरी खाल्ल्या. आता या हातानं भाकर मोडत नाई.”

पाणी वाफ्यात जिरत होते. यमुनाबाई हळूच म्हणाली, “वांगे ऐकून राहिले जी, पण पाणी कमी पडून राहिलं. सात घागरी बाकी हायेत.” दादांनी सातही ओतल्या. मग पागोटे घातले आणि घोडीवर बसून, न जेवता, गेले.

आम्ही उरलेले आठ दिवस राहिलो. मला भीती वाटली नाही असे म्हणणार नाही. वीस वर्षांच्या घराचा तुकडा पडताना कुणाला भीती वाटत नाही? पण रोज पहाटे त्या वाफेत तिचे हात वर येत, आणि मला वाटे, सारा मुलूख ज्या पांढऱ्या बोंडामागे धावतो आहे ते बोंड कुणाच्या बोटांनी वेचले जाते, याची चौकशी एकाही पेठेत होत नाही, तर एका पडवीत तरी होऊ द्या! एकविसाव्या दिवशी अंतर दोन दाण्यांचे राहिले. त्यापुढे सरकले नाही. निघताना यमुनाबाईने रखमाला शेवंतीची मुळे ओल्या फडक्यात घालून दिली. ती गाठ रखमाने स्वतःच्या हाताने मारली.

गावी आलो तेव्हा वाऱ्याने जो कापूस पाडायचा तो पाडला होता. पाडव्याला वाटणी झाली. दादा बोलल्याप्रमाणे वागणारे आहेत. मला विहिरीकडची खालची पट्टी आली. शेजारणी रखमाला म्हणाल्या, हात बरे झाले, आता वेचणीला चल. ती म्हणाली, “कापसासाठी नाई बरे केले. माह्यासाठी केले.” विहिरीलगतच्या चार तासांत तिने शेवंती लावली. तेवढ्या जागेत किती कापूस झाला असता हे मला बोंडापर्यंत ठाऊक आहे, आणि तरी ती चार तासे मी शेवंतीलाच ठेवली आहेत. पुढे ते दूरचे युद्ध संपले, भाव कोसळला, आणि लोक मला शहाणा म्हणू लागले. ते शहाणपण मी नाकारतो. भाव आणखी दसपट चढला असता तरी मी त्या पडवीतून आठ दिवस आधी उठलो नसतो.

आमच्या ओसरीलाही आता तोच नेम आहे. थंडीच्या पहाटे आमच्या विहिरीतूनही वाफ निघते. तिला गंधकाचा वास नाही, तरी मला तो येतो. या माघात एका पहाटे दादा बांधावरून आले, वाटणीनंतर पहिल्यांदाच. उभ्याउभ्या थोडे बोलले, आणि बोलता बोलता भाव सांगून गेले. स्वतःच थबकले. वाफेपलीकडे रखमा पाठमोरी दोर ओढत होती; तिची मूठ दोरावर मिटली होती, दोन दाण्यांची फट सोडून. तिने भरलेली घागर काठावर ठेवली आणि पदरातून म्हणाली, “शेवंते, पाणी येऊन राहिलं.”

दादांनी पागोटे काढून माझ्या हातात दिले आणि घागर उचलली. त्या दिवशी घागरी किती झाल्या ते मी मोजले नाही.