काचेवरचे बाबा

लेकीने माझ्या गाडीत साबणाच्या वडीएवढं एक यंत्र बसवून दिलंय. ते समोरच्या काचेवर वेग दाखवतं. आकडे पुढच्या रस्त्यावर तरंगल्यासारखे दिसतात. फोन आला की नावही दिसतं. सुरुवातीला मी उगाच चष्मा पुसत होतो.

परवा सिग्नल सुटला आणि रस्त्यावर हिरवी अक्षरं उमटली, 'बाबा'. बाबा गेले त्याला आता बराच काळ झाला. त्यांचा फोन आई वापरते, पण माझ्या फोनमधलं नाव तेच राहिलंय. एरवी खिशात वाजतो तेव्हा काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र बाबांच्या आरपार एक रिक्षा गेली आणि मी गाडी कडेला घेतली.

घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "मला दाखव."

ते दिसतं फक्त ड्रायव्हरच्या जागेवरून. म्हणून आई जन्मात पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसली.

"पळणार नाही ना रे ही?"

"नाही गं."

माझा फोन तिच्याजवळ ठेवून मी गाडीसमोर उभा राहिलो आणि बाबांच्या फोनवरून रिंग दिली.

आई काचेतून थेट माझ्याकडे बघत राहिली. अक्षरं माझ्या छातीवरच उमटली असणार. तिने पदर सारखा केला, बाबा दारात आले की करायची तसा. मी फोन बंद करायला गेलो, तर हातानेच म्हणाली, राहू दे.

बाबा सडपातळ होते. मी पोट आत घेतलं आणि रिंग संपेपर्यंत तसाच उभा राहिलो.